मुक्काम वाढवण्याचं कारण

तोक्योच्या निशिकसाई भागातल्या मराठी घरांत हळदीकुंकवाला बायका जमल्या की साड्या, तांदळाचे भाव आणि मुलांच्या शाळा हे विषय पहिला चहा होईपर्यंत संपतात. मग कुणीतरी आवाज जरा खाली आणून विचारतं, "तुमचं रिन्यूअल झालं ना गं? किती मिळाली?"

किती म्हणजे किती वर्षं. इथे इंजिनिअर म्हणून नोकरी करणाऱ्याला राहण्याची मुदत पाच वर्षं, तीन वर्षं, एक वर्ष किंवा तीन महिने अशी ठरलेल्या मापांतच मिळते. चार वर्षं नाहीत, दोन नाहीत. बायकोमुलांची मुदत बहुतेक वेळा त्याच्याच मापाने. आणि पाच का दिली, एकच का दिली, हे कुणी समजावून सांगत नाही. म्हणून मग ज्या घरात पाच मिळाली त्या घरातली बाई दहावीला नव्वद टक्के पडलेल्या मुलाच्या आईसारखी सहज काहीतरी सांगितल्याच्या सुरात सांगते, आणि एक मिळालेली "यांची कंपनी लहान आहे ना" म्हणून विषय बदलते. ते खोटंही नसतं. इमिग्रेशनने कंपन्यांचे चार गट पाडलेले आहेत. शेअर बाजारात नोंद असलेली कंपनी पहिल्या गटात, आणि तिच्या माणसाला कागदही कमी लागतात. पण पहिल्या गटातल्या कंपनीतही एकाच टीममधल्या दोघांना वेगवेगळी वर्षं मिळाल्याच्या कथा आहेतच. त्यांचे अर्थ लावण्यात आमच्या संध्याकाळी बऱ्या जातात.

माझं निरीक्षण असं की कुणाला किती वर्षं मिळाली आहेत ते विचारावं लागत नाही, स्वयंपाकघरात डोकावलं की कळतं. जपानात वीज १०० व्होल्टची, आपला मिक्सर २३० व्होल्टचा. एक वर्षवाल्यांच्या ओट्याखाली जडशीळ ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याच्यावर पुण्याहून आणलेला मिक्सर. कारण परत जायचं झालंच तर मिक्सर परत नेता येईल. तीन वर्षवाले अमेरिकेसाठी बनवलेला ११० व्होल्टचा मिक्सर कुठून तरी मागवतात. तो इथे जरा दमतो, पण चटणी होते. पाच वर्षवाल्यांकडे ओव्हन असतो, इडलीचा ग्राइंडर असतो आणि भिंतीला भोक पाडून लावलेलं देवघर असतं. भाड्याच्या घराच्या भिंतीला भोक पाडायला इथे काय धैर्य लागतं, ते घर सोडताना ज्यांनी दुरुस्तीचं बिल पाहिलंय त्यांनाच ठाऊक.

मुदत अशी सगळ्यात शिरते. मोबाइल हप्त्याने घ्यायचा तर हप्ते संपेपर्यंत तुम्ही देशात आहात का, हे दुकानदार वास्तव्याच्या सरकारी कार्डावर बघतो. घरमालकही तेच बघतो. म्हणून तर आपले लोक इतक्या संख्येने निशिकसाईतल्या यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत आले. तिथे जामीनदार लागत नाही आणि घरमालकाला 'रेइकिन', म्हणजे परत न मिळणारी दक्षिणा, द्यावी लागत नाही. वर तोझाई लाइन ही मेट्रो थेट ओतेमाचीच्या ऑफिसांशी नेऊन सोडते. २००० सालच्या आसपास कॉम्प्युटरवाले आले, त्यांनी मित्रांना बोलावलं, मित्रांनी बायकांना. आज जपानात पन्नास हजारांहून जास्त भारतीय आहेत आणि तोक्योत सर्वांत जास्त आमच्या एदोगावा वॉर्डात.

बायका आल्या त्या 'कुटुंबासह वास्तव्य' या वर्गात. माझंही कार्ड त्याच वर्गाचं. त्यावर माझा न हसणारा फोटो, माझं नाव, मधे नवऱ्याचं नाव (कारण आपल्याकडच्या पासपोर्टात ते असतं आणि जपान सरकार पासपोर्टातलं अक्षरही गाळत नाही), आणि खाली लिहिलेलं: काम करण्यास परवानगी नाही. कार्ड उलटलं की मागे शिक्का: आठवड्याला २८ तासांपर्यंत परवानगी. पुढच्या बाजूला नाही आणि मागच्या बाजूला हो. मी एका बालवाडीत इंग्रजी शिकवते ती या मागच्या बाजूच्या भरवशावर. २८ तासांत शिकवण्याची तयारी, ताईंबरोबरच्या मीटिंगा, सगळं बसवायचं. घरी मी किती तास काम करते त्याची नोंद कुठे होत नाही, नाहीतर पहिल्याच महिन्यात मर्यादा ओलांडली असती.

अर्ज मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपासून करता येतो. आधी कुयाकुशो, म्हणजे वॉर्ड ऑफिस. तिथून नवऱ्याने कर भरल्याचा दाखला. मग स्टेशनवरच्या फोटोच्या खोपटात शिरून चार सेंटिमीटर बाय तीन सेंटिमीटरचा फोटो. यंत्रातली बाई अतिशय आदराने सांगते की हनुवटी जरा खाली घ्यावी. लग्नाचा दाखला, तो मराठीत असेल तर त्याचं जपानी भाषांतर. हे सगळं यांत्रिक आहे, त्यात गंमत नाही. गंमत अर्जात आहे.

अर्जात एक रकाना असतो: किती मुदत हवी? इथे सगळे 'पाच वर्षं' लिहितात. सरकार हे विचारतं हाच मोठेपणा. त्याच्या जवळच दुसरा रकाना: मुदत वाढवण्याचं कारण. एवढीशी जागा. पहिल्यांदा मी पेन धरून बराच वेळ बसले होते. नवरा म्हणाला, "लिही, पतीसोबत राहण्यासाठी." मी म्हटलं, "आणि ते खरं आहे असं तू सही करून देणार का?" पण विनोद सोडला तरी प्रश्न खराच अवघड होता. इतक्या वर्षांच्या संसारात मला हे कुणी विचारलं नव्हतं. ना आईने, ना सासूबाईंनी, ना आम्ही एकमेकांना. राहतोय म्हणजे राहतोय. इथे मात्र एक सरकारी कागद मान वाकवून नम्रपणे विचारतो, की बाई, तुम्हाला अजून राहायचं आहे, ते का? मुलीच्या शाळेत मैत्रिणी आहेत म्हणून? एप्रिलमध्ये नाकागावा नदीच्या काठी साकुरा बघायची सवय लागली म्हणून? परत जाऊन कुठल्या गावी राहायचं यावर आमचं अजून एकमत नाही म्हणून? शेवटी मी पतीचंच कारण लिहिलं. प्रत्येक खेपेला तेच लिहिते. खोटं नाही, पण पूर्णही नाही. रकाना लहान आहे.

फोनवर सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यात विचारायचं काय आहे त्यांना? बायको नवऱ्याकडे राहणार नाही तर कुठे राहील?" मग थोडं थांबून, "आणि आईवडिलांना यायचं असेल तर काय कारण लिहायचं?" त्याला रकाना नाही. साध्या नोकरदाराच्या आईवडिलांसाठी लांब मुदतीचा वर्गच नाही. पाहुणे म्हणून यायचं, फार तर नव्वद दिवस. हे त्यांना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की नव्वद दिवसांत लोणचं मुरतं, पुष्कळ झाले.

अर्ज द्यायचा शिनागावाला, इमिग्रेशनच्या ऑफिसात. गंमत म्हणजे शिनागावा स्टेशन शिनागावा वॉर्डात नाहीच, मिनातो वॉर्डात आहे, आणि इमिग्रेशनही. कोनान बाजूला उतरलं की एका हाताला चकचकीत ऑफिसं आणि शेजारी शहराचा मांसाचा घाऊक बाजार. तिथून बस. बसमध्ये चढताक्षणी कळतं की योग्य बसमध्ये आहोत, कारण सगळ्यांच्या मांडीवर पारदर्शक फाइल असते. कालवा, गोदामं, कंटेनरचे ट्रक, कचरा जाळण्याच्या केंद्राची उंच चिमणी, आणि तिच्या शेजारी आमचं ऑफिस. तोक्योच्या पोस्टकार्डावर हा भाग कधी छापून येणार नाही.

पण कागद दाखवून पुढे जायची या वाटेला जुनी सवय आहे. एदोहून, म्हणजे तेव्हाच्या तोक्योहून, क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो रस्त्यावर शिनागावा हा पहिला मुक्काम. त्याच रस्त्यावर पुढे हाकोनेचा नाका, १६१९ साली बसवलेला, १८६९ साली उठलेला. सासूबाई आल्या होत्या तेव्हा आम्ही तो बघितला. २००७ साली तो जुन्या पद्धतीने पुन्हा उभारला आहे. शोगुनच्या काळात एदोत येणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर जाणाऱ्या बायका यांच्यावर नाक्यांचा डोळा असे. हाकोनेत रोख मुख्यतः बायकांवर, कारण सरदारांच्या बायका एदोत ओलीस म्हणून ठेवलेल्या आणि त्यांतली एखादी वेषांतर करून निसटली तर पंचाईत. बायकांना वेगळा परवाना लागे. त्यात तिच्या केसांपासूनचं वर्णन असे आणि नाक्यावरची म्हातारी केस सोडून ते ताडून बघे. सासूबाईंनी त्या तपासनीस बाईची आकृती नीट निरखली आणि म्हणाल्या, "ही आमच्या आत्याबाईंसारखी दिसते." मला मात्र आपलं आता बरंच सोपं झालंय असं वाटलं. चार बाय तीनचा फोटो, केस कपाळावर आले नाहीत म्हणजे झालं.

शिनागावाच्या त्या हॉलबद्दल लोक तक्रार करतात. गर्दी फार, वेळ फार. मला तिथे जायला आवडतं, आणि हे मी हळदीकुंकवाला बोलून दाखवलं तर बायका माझ्याकडे काळजीने बघतात. पण तोक्योत दुसरी जागा दाखवा जिथे आपण परके नसतो. ट्रेनमध्ये मी आवाज बारीक ठेवते, कचरा सहा वेगवेगळ्या पिशव्यांत घालते, लिफ्टमध्ये मान लववते. या हॉलमध्ये सगळेच बाहेरचे. व्हिएतनामी पोरं घोळक्याने, नेपाळी नवराबायको कडेवर बाळ घेऊन, चिनी आजी, हेल्मेट हातात धरलेला ब्राझिलियन, कंपनीने नेमलेला एजंट ज्याच्याकडे वीस जणांचे पासपोर्ट रबरबँड लावून. २०२४च्या अखेरीस जपानात सदतीस लाखांवर परदेशी होते, आणि त्यांतले बरेच आपल्याच आधीचा नंबर घेऊन बसलेत असं वाटतं. बाळं मोकळेपणी रडतात. कुणी कुणाकडे रोखून बघत नाही. शेजारची बाई माझं पेन मागते, मी तिचा स्टेपलर. एकमेकींची भाषा येत नसूनही तिच्या फॉर्मवरचा एक राहिलेला रकाना मला दिसतो आणि मी बोट ठेवते. बाहेर तोक्योत असं परक्याच्या कागदावर बोट ठेवायची माझी छाती नाही.

त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर राहण्याची परवानगी नसलेल्या लोकांना अटकेत ठेवण्याची जागा आहे. त्यांना भेटायला आलेले नातेवाईकही त्याच दारातून आत शिरतात. हातात फाइल नसते, पिशवी असते. हलकंफुलकं लिहिताना हे सोडून पुढे जाता आलं असतं. पण त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला वरचा मजला माहीत असतो, आणि म्हणूनच मुदत संपायच्या आदल्या दिवशीही कुणी अर्ज टाकायला विसरत नाही. अर्ज वेळेत गेला की कार्डामागे शिक्का मारतात. मग मुदत उलटली तरी निर्णय लागेपर्यंत, जास्तीत जास्त दोन महिने, राहता येतं.

निघताना एक पोस्टकार्ड देतात. त्यावर आपला पत्ता आपणच लिहायचा. काही आठवड्यांनी बिलं आणि पिझ्झाची जाहिरातपत्रकं यांच्यात आपल्याच हस्ताक्षरातलं पत्र आपल्याला येतं: या आणि कार्ड घेऊन जा. त्यात वर्षांचा आकडा नसतो. तो तिथेच कळतो. आधी तळमजल्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे किरकोळ सगळं मिळणाऱ्या दुकानातून, महसुली तिकिटं घ्यायची. २०२५च्या एप्रिलपासून ६,००० येनची, पूर्वी ४,०००ची होती. सरकारी फी ओनिगिरीच्या, म्हणजे भाताच्या मुटक्यांच्या, शेजारच्या काउंटरवर मिळते हे मला अजूनही मजेचं वाटतं. मग जुन्या कार्डाला भोक पाडून ते परत देतात आणि नवं हातात येतं. नवं कार्ड घेणारा माणूस फोटो बघत नाही, आधी तारीख बघतो.

यातून कायमचं सुटायचे मार्ग आहेत. दहा वर्षं झाली की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. पगार, शिक्षण, जपानी भाषा यांचे मिळून सत्तर गुण भरले तर तीन वर्षांत, ऐंशी भरले तर एका वर्षात. दुसरा मार्ग जपानी नागरिक होण्याचा. तो घेऊन योगेंद्र पुराणिक २०१९ साली आमच्या एदोगावाच्या सभागृहात निवडूनही आले. पण त्यासाठी भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, आणि आमच्या घरात तो विषय मुदत, वर्षं, मिक्सर या सगळ्यांपेक्षा जड आहे. तो निघाला की कुणीतरी टीव्ही लावतं.

आता तर घरबसल्या अर्ज होतो. २०२२पासून मायनंबर कार्ड, म्हणजे इथलं आधार कार्ड, असलेल्याला ऑनलाइन सोय आहे, फी ५०० येनने कमी, आणि नवं कार्डही टपालाने येतं. नवऱ्याने यंदा दोघांचे अर्ज रात्री जेवणानंतर भरून टाकले. माझ्या कारणाच्या रकान्यात गेल्या वेळचंच वाक्य चिकटवलं, मला न विचारता. मी काही बोलले नाही; वाक्य माझंच होतं.

तरी परवा मी शिनागावाला जाणार आहे. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नाशिकहून आलेली नवी मुलगी आहे, मायनंबर कार्ड अजून हातात आलेलं नाही आणि नवऱ्याला सुट्टी नाही. काल फाइल घेऊन आली होती. कागद लावून दिले. जाता जाता दारात थांबून म्हणाली, "ताई, डबा न्यायचा का?"

"ने की," मी म्हटलं. "कोरडं काहीतरी. आणि पेन दोन ठेव, एक कुणीतरी मागतंच."