कागदाचं बीव्हर

लढाऊ विमानांचं वेड मला कधी लागलं नाही. देखणी असतात, कबूल. पण कागदाचं मॉडेल करायला बसलो की मला हमाली करणारी विमानंच आवडतात, आणि त्यांत बीव्हर पहिलं. कॅनडातल्या डी हॅविलँडचं हे विमान १९४७ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा उडालं, आणि पुढं वीस वर्षांत अशी सोळाशेच्या वर तयार झाली. (याचा पाठचा पण अंगानं मोठा भाऊ ऑटर आपल्या हवाई दलातही होता.) रूप म्हणाल तर यथातथाच. आखणी करताना कंपनीनं जंगलपट्टीत विमान चालवणाऱ्यांनाच विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? त्यांना पाहिजे होती आखूड जागेतून उठणारी गाडी, दोन्ही बाजूंना दारं, आणि तीही तेलाचं पिंप आत लोटता येईल एवढी रुंद. इंजिनात ऑइल ओतायचं तोंडसुद्धा वैमानिकाच्या पायाशी. उडता उडता ओता.

उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या माझ्या आतेभावाला ही ऑइलची गोष्ट फार पटली. मॉडेल मात्र पटत नाही. "उडत न्हाई तर करतोस कशाला रं?"

कागदाचा एक हट्ट असतो. तो एका वेळी एकाच दिशेनं वळतो. नळी होईल, शंकू होईल, चेंडू काही केल्या व्हायचा नाही. बीव्हरच्या बाजू सपाट आणि पंख मुळापासून जवळजवळ टोकापर्यंत एकाच रुंदीचे, त्यामुळं पिंपाच्या सोयीनं बेतलेलं हे अंग कागदालाही मानवतं. अडतं ते नाकाशी. तिथं नऊ सिलिंडरचं ४५० अश्वशक्तीचं गोल इंजिन, आणि त्यावरच्या झाकणाची पुढची कड दोन्ही अंगांनी वळलेली. मग त्या कडेला बारीक पाकळ्या कापायच्या, एकेक पाकळी तळहातावर ठेवून चमच्याच्या पाठीनं घोटायची, आणि शेजारणीला चिकटवून धरून बसायचं. कापल्या जागी कागदाची पांढरी रेघ दिसते. बाकी सगळं जमलं तरी ही रेघ चुगली करते, म्हणून चिकटवण्याआधीच कडेवर रंगीत पेन्सिल फिरवायची. घडीच्या रेघेला मात्र संपलेल्या बॉलपेनची रिफिल पट्टीला लावून दाबून ओढली की काम झालं. बाजारातली महागडी हत्यारं मला तरी फुकट वाटतात.

जाड कागद लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडं मिळतो. पण कोल्हापुरात जुलैचा पाऊस लागला की तोही मऊ पडतो, फेविकॉल वाळता वाळत नाही आणि पंख हळूच पीळ खातात. खऱ्या बीव्हरचे पंख १४.६३ मीटर, १:३३ मापात ४४ सेंटिमीटर भरतात, आणि एवढ्या लांबीत जरासा पीळही लगेच डोळ्यात येतो. म्हणून पावसाळ्यात नुसतं कापायचं न् रंगवायचं. पंख जोडायचे ते दिवाळीच्या सुमाराला.

आता प्रश्न चाकं लावायची की फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगायचे होडीसारखे पाय. बीव्हर तळ्यातही उतरतं. हे ऐकल्यापासून आत्याचं एकच चाललंय, "मग रंकाळ्यात उतरंल की!" फ्लोटच्या तळाला आडवी पायरी असते, उठताना पाण्याची पकड सुटावी म्हणून. ती कागदात काढणं जिकिरीचं, शिवाय फ्लोटवर विमान एवढं उंच होतं की कपाटाच्या कप्प्यात मावत नाही. तरी फ्लोटच लावणार. कपाटाची फळी खाली घेता येते.