दोन चिठ्ठ्या, एकच नंबर

बेळगावच्या शहापूर भागातील एका चष्म्याच्या दुकानात मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा, म्हणून काम करतो. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा भाग असल्यामुळे आमच्याकडे येणाऱ्यांत मागावर काम करणारे पुष्कळ असतात. गेल्या पावसाळ्यात वडगावहून आलेल्या एका वयस्क विणकरांची हकिकत मला सविस्तर लिहावीशी वाटते, कारण चष्म्याच्या चिठ्ठीवर काय लिहिलेले असते आणि काय राहून गेलेले असते, या दोन्ही गोष्टी त्या दुपारी एकाच माणसाच्या बाबतीत समोर आल्या.

काकांनी साठी ओलांडली होती. सोबत सून होती. त्यांनी काउंटरवर दोन चिठ्ठ्या आणि एक नवा कोरा बायफोकल, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला, चष्मा ठेवला. पहिली चिठ्ठी एका नेत्रशिबिरातली होती आणि दुसरी डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी दिलेली; दोन्हींमध्ये जेमतेम पंधरवड्याचे अंतर होते. पहिल्या चिठ्ठीवर उजव्या डोळ्यासमोर +१.०० / −०.५० × ९० आणि डाव्यासमोर +१.२५ / −०.७५ × ८० असे आकडे होते. दुसरीवर उजव्यासमोर +०.५० / +०.५० × १८० आणि डाव्यासमोर +०.५० / +०.७५ × १७० होते. चष्मा पहिल्या चिठ्ठीवरून बनवलेला होता आणि मागावर त्याचा काहीच उपयोग होत नव्हता, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा डोळे तपासून घेतले होते. "यातली एक चिठ्ठी खोटी असणार की हो साहेब," काका म्हणाले, "नाहीतर पंधरा दिवसांत माझे डोळे तरी फिरले असणार." त्यांच्या आवाजात रागापेक्षा भीती जास्त होती, विणकराच्या मनात डोळ्यांविषयी ती असणारच.

दोन्ही चिठ्ठ्या खऱ्या होत्या आणि दोन्हींवर एकच नंबर होता. चिठ्ठीवर प्रत्येक डोळ्यासमोर पहिला आकडा असतो स्फेरिकलचा, म्हणजे काच सर्व दिशांना सारखी जी शक्ती देते तिचा. तो डायॉप्टरमध्ये मोजतात: एक डायॉप्टरची बहिर्गोल काच दुरून आलेले किरण एका मीटरवर एकत्र आणते, तर दोन डायॉप्टरची अर्ध्या मीटरवर. अधिक चिन्ह असेल तर काच बहिर्गोल आणि उणे असेल तर अंतर्गोल. दुसरा आकडा सिलिंडरचा. डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा सगळ्या बाजूंनी सारखा वळलेला नसेल, तर एका दिशेला वेगळी शक्ती द्यावी लागते. ती किती, हे सिलिंडर सांगतो आणि ती कोणत्या कोनात बसवायची, हे तिसरा आकडा, म्हणजे ॲक्सिस, सांगतो. ॲक्सिसच्या रेषेवर सिलिंडरची शक्ती शून्य असते आणि तिला काटकोनात असलेल्या दिशेत ती पूर्ण लागू होते.

हीच गोष्ट दोन रीतींनी लिहिता येते. काही डॉक्टर सिलिंडर अधिक चिन्हाने लिहितात, नंबर मोजणाऱ्या मशीनच्या कागदावर तो बहुधा उणे चिन्हाने येतो. एका रीतीतून दुसरीत जायचे असेल तर स्फेरिकल आणि सिलिंडर यांची चिन्हांसह बेरीज करायची, सिलिंडरचे चिन्ह उलट करायचे आणि ॲक्सिस ९० अंशांनी फिरवायचा. काकांच्या उजव्या डोळ्यासाठी +१.०० आणि −०.५० यांची बेरीज +०.५० झाली, सिलिंडर +०.५० झाला, ९० चा ॲक्सिस १८० वर गेला, आणि दुसरी चिठ्ठी जशीच्या तशी समोर आली. उभ्या दिशेत +१.०० आणि आडव्या दिशेत +०.५०, हे दोन्हींत कायम राहते.

पण आकडेमोडीने माणसाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये असे मला वाटते. मी काकांना ट्रायल फ्रेम, म्हणजे काचा बदलून बघायची चौकट, घातली, पहिल्या चिठ्ठीच्या काचा बसवल्या आणि तक्ता वाचायला सांगितला. मग त्यांना डोळे मिटायला सांगून दुसऱ्या चिठ्ठीच्या काचा बसवल्या. त्यांनी तीच ओळ तितक्याच सहज वाचली आणि शेवटच्या ओळीत तेच एक अक्षर दोन्ही वेळा चुकले. सूनबाई शेजारी उभी राहून हे बघत होती, तिनेच त्यांना सांगितले, "मामंजी, एकच आहे की हो."

आता मूळ प्रश्न उरला. काचेचा नंबर मोजणाऱ्या लेन्सोमीटरवर चष्मा लावून पाहिला तर काचा चिठ्ठीबरहुकूम होत्या, ॲक्सिससुद्धा बिनचूक. दोन्ही चिठ्ठ्यांवर शेवटी ॲड +२.५० होता, म्हणजे जवळच्या कामासाठी लांबच्या नंबरात मिळवायची शक्ती. साठीनंतर डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाची जवळचे स्पष्ट करण्याची ताकद जवळपास संपलेली असते, त्यामुळे ही शक्ती काचेतूनच द्यावी लागते. मात्र +२.५० चा ॲड म्हणजे ४० सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसणे, हातात पुस्तक धरून वाचण्याचे अंतर. काका तर पुस्तक वाचण्यासाठी चष्मा मागत नव्हते.

मी त्यांना विचारले की यंत्रमागावर तुम्ही उभे कसे राहता. काका उठले, काउंटरच्या कडेला किंचित वाकून उभे राहिले आणि त्यांचे हात आपोआप तुटलेला धागा शोधू लागले. सूनबाईने मागाच्या फणीच्या जागी ओढणीचा काठ ताणून धरला. मी डोळ्यापासून काठापर्यंत टेप लावली तेव्हा अंतर ६६ सेंटिमीटर भरले. त्या अंतराला साधारण +१.५० पुरतो. बायफोकलच्या खालच्या भागातून पाहायचे तर काकांना कापडावर नाक टेकल्यासारखे वाकावे लागे, आणि वरच्या भागातून धागा पुसट दिसे. संपूर्ण माग या दोन नंबरांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडला होता. चिठ्ठी देणाऱ्या दोघांनीही डोळे नीट तपासले होते. काम किती अंतरावर चालते, हे विचारायचे तेवढे राहिले होते, आणि छापील चिठ्ठीवर त्यासाठी रकानाच नसतो.

मागासाठी स्वतंत्र एकेरी नंबरचा चष्मा सुचवला: उजवा +२.५० / −०.५० × ९०, डावा +२.७५ / −०.७५ × ८०. ट्रायल फ्रेममध्ये याच काचा बसवून ओढणीचा काठ पुन्हा धरला, तेव्हा काकांनी त्यातला एक सुटलेला धागा नखाने उचलून दाखवला. दोन बाहुल्यांमधले अंतर, ज्याला आम्ही पीडी म्हणतो, तेही चिठ्ठीवर नव्हते. लांबसाठी ते ६३ मिलिमीटर होते आणि मागाच्या अंतरासाठी मी ६१ धरले, कारण जवळ पाहताना डोळे आत वळतात आणि काचेचा मध्यही तसाच सरकवावा लागतो.

नव्या चिठ्ठीवर मी आकड्यांखाली "मागासाठी, ६६ सें.मी." असे मराठीत लिहिले. हा चष्मा घालून रस्त्यावर चालायचे नाही, लांबचे अंधूक दिसेल, बाहेर जाताना जुना बायफोकलच वापरायचा, हे काकांना आणि सूनबाईला दोनदा सांगितले. डोळ्यातला दाब आणि मागचा पडदा यांविषयी चष्म्याचा नंबर काहीच सांगत नाही, म्हणून त्या तपासणीसाठी त्यांना पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जायला सांगितले. काकांनी दोन्ही जुन्या चिठ्ठ्या घडी करून नव्या चिठ्ठीसोबत ठेवल्या आणि चष्मा कधी मिळेल ते विचारले.