सौ. शां. ग. जो.

जुन्या बाजारात जायचं तर चेहरा घरी ठेवून जावं. पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत, कुंभारवेशीच्या अंगाला, बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथल्या विक्रेत्यांना वस्तूपेक्षा गिऱ्हाईक जास्त चांगलं पारखता येतं. तुमची नजर एखाद्या कंदिलावर जरा रेंगाळली, की शंभराचा कंदील तीनशेचा झालाच म्हणून समजा. आमच्या घरात नजर आवरायची ही विद्या कुणालाच नाही. त्यातून आम्ही जातो सहकुटुंब, त्यामुळे फितुरीला बाहेरचं माणूस लागत नाही.

बाबांचंच घ्या. ताडपत्रीवर पाने, कानशी, ड्रिलची टोकं मांडलेली दिसली की ते तिथंच उकिडवे बसतात. एखादी पक्कड उचलायची, जबडा मिटायचा, उजेडाकडे धरून फट दिसते का बघायचं. जुन्या तपारियाची निघाली तर "वा!" म्हणायचं. तेही मोठ्यानं. त्या एका 'वा'चे पन्नास रुपये पडतात. बरं, घरी पक्कडींनी खण भरलाय आणि नळ गळला की बोलवायचं प्लंबरलाच.

घड्याळांपाशी मात्र त्यांना कुणी फसवू शकत नाही. एचएमटीची 'जनता' म्हणजे रोज किल्ली द्यायचं, साधं, पांढऱ्या तबकडीचं घड्याळ. बाबांच्या मनगटावर ते नोकरी लागल्यावर आलं. घड्याळं बनवणारी ही सरकारी कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण इथं पोपटी तबकडीच्या, केशरी आकड्यांच्या 'जनता' अजून टोपलीभर मिळतात. यंत्र जुनंच, तबकडी नव्यानं रंगवलेली. "सरकारनं कधी एवढा रंगेलपणा केलाय का?" असं म्हणून बाबा पुढं सरकतात. घड्याळवालाही हसतो. तो काही वाद घालत नाही. पोपटी रंगाला तरुण गिऱ्हाईक आहे हे त्याला ठाऊक आहे.

लेकीचा जीव नाण्यांत. भोकाचा पैसा तिला फार आवडतो. १९४३ साली, महायुद्धाच्या काळात धातू वाचवायला पैशाच्या मधोमध भोक पाडलं, हे ऐकल्यावर तिनं विचारलं, "मग त्या भोकांचं काय केलं?" याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. शेजारीच 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असं छापलेलं, रामपंचायतनाचं जाडजूड नाणं असतं आणि विक्रेता ते कानाशी वाजवून दाखवतो. कंपनीचे तांब्याचे खरे अर्धे आणे मिळतात ते बहुतेक १८३५ चे, त्यांवर देव नाही. १८१८ साली पेशवाई बुडवणारी कंपनी त्याच वर्षी प्रभू रामचंद्रांची नाणी पाडते, आणि हे ऐकायचं शनिवारवाड्यापासून चालत जायच्या अंतरावर! लेकीला मी हे सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण छान आहे." भाव वाढला.

आमचा खरा आधार आईचा. तिला हा बाजार मनापासून नावडतो. बोहारणीला दिलेले कपडे शेवटी इथंच येतात, तेव्हा आपलंच टाकलेलं आपण पैसे देऊन परत आणायचं, हे तिला पटत नाही. नाकाला पदर लावून ती उभी राहते आणि "ह्याला? पोचे बघा किती आलेत," एवढंच म्हणते. त्यात अभिनय नसतो, म्हणून भाव पडतो.

तर ही आमची आई एका पितळी डब्यापाशी थांबली. कडीचा, उभा, झाकण घट्ट बसणारा. तिनं आत अंगठा फिरवला, कल्हई गेलेली. मग बाहेरची धूळ पदरानं पुसली आणि वाचलं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: सौ. शां. ग. जो., खाली १४-५-५८.

"मे महिना. लग्नातला असणार," आई म्हणाली.

"मावशी, भवानीचा टाइम आहे. मोडीच्या भावात देतो," विक्रेत्यानं आकडा सांगितला. आता आई निम्मा करणार म्हणून आम्ही कान टवकारले. तिनं पाकीट काढलं आणि मागितले तेवढे दिले. विक्रेता इतका ओशाळला, की त्यानं एक सांडशी फुकट घातली.

कल्हईवाला शोधायला फार हिंडावं लागलं. त्यानं डबा चांदीसारखा करून दिला आणि वर नाव घासून काढू का, असंही विचारलं. आई नको म्हणाली. मुंजीला, मंगळागौरीला भांडी घरोघर फिरायची, ती बिनचूक परत यावीत म्हणून नाव घालायचं. शांताबाई की शांतीबाई, आणि जोशी की जोगळेकर, कुणास ठाऊक. त्यांचा डबा काही परत गेला नाही.

आता त्यात डिंकाचे लाडू असतात. आल्यागेल्यांपैकी कुणीतरी नाव वाचतंच आणि विचारतं. सुरुवातीला आई "नात्यातल्या" एवढंच सांगायची. मग त्या बाबांच्या चुलत आत्या झाल्या. परवा शेजारच्या काकू आल्या होत्या, तेव्हा आईनं त्यांचं माहेर वाईचं करून टाकलं, आणि काकूंना त्या आठवल्यासुद्धा.