सी-१० चा फ्युएल पंप: दोन बोल्टचं काम, दोन शनिवार

मंडळी, माझ्या जुन्या पिकअपच्या ब्रेकचं काम आहे तिथेच आहे. मध्येच सहज डिपस्टिक काढली, तर ऑइल 'फुल'च्या खुणेच्या बोटभर वर. मी तर थेंबही घातला नव्हता. नाकाशी नेलं आणि कळलं: पेट्रोल! गाडी १९७० ची शेवरोले सी-१०, इंजिन ३५० व्ही-८ (३५० घनइंच, आठ सिलिंडर), टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप मेकॅनिकल, म्हणजे इंजिनच्याच हालचालीवर चालणारा. पंपाच्या आतला डायफ्रॅम (लवचीक पडदा) फाटला की पेट्रोल लिव्हरच्या बाजूने थेट ऑइल चेंबरमध्ये उतरतं. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगं फिरवायची नाहीत, म्हणून त्याच दिवसापासून गाडी सुरू करणं बंद.

जुना पंप काढायला अर्धा तास. पेट्रोलच्या पाइपाच्या फ्लेअर नटला साधा पाना लावू नका, कडा गोल होतात. फ्लेअर पाना (नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा) घ्या, आणि पंपाच्या बाजूची फिटिंग दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर नटासोबत पाइपही पिळला जातो.

खरी मजा पुढे. या इंजिनात पंपाची लिव्हर कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टला) थेट टेकत नाही. मध्ये एक पुशरॉड (दांडा) असतो, पावणेसहा इंचांचा. कॅमशाफ्टवरचं एक्सेंट्रिक (केंद्रापासून सरकलेली चकती) त्याला खाली ढकलतं, तो लिव्हर दाबतो. पंप निघाला की रॉड आपल्या वजनाने खाली घसरतो आणि नव्या पंपाची लिव्हर त्याच्याखाली जायला जागाच उरत नाही. मला वाटलं, बोल्ट आवळले की पंप आपोआप बसेल. तीन आटे फिरले आणि पान्याला असा जड हात लागला की मी तिथेच थांबलो. थोडं आणखी रेटलं असतं तर इंजिन ब्लॉकचे आटे गेले असते. पहिला शनिवार इथेच संपला.

दुसऱ्या शनिवारी रीतसर केलं. स्पार्क प्लग काढले, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. पंपाच्या भोकातून बोट रॉडच्या टोकाला लावलं आणि क्रँक (इंजिनचा मुख्य शाफ्ट) पान्याने सावकाश फिरवला. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, त्यामुळे घाई नको. रॉड सर्वांत वर गेला की थांबायचं. आता ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, ड्रायव्हरच्या सीटवरून पाहता उजवीकडे, एक आखूड बोल्ट आहे. त्याचं भोक सरळ रॉडच्या नळीत उघडतं. तो काढून त्याच आट्यांचा लांब बोल्ट घातला, फक्त बोटांनी, रॉड अडकेल इतकाच. मग नवी गॅस्केट, आणि पंप असा अलगद बसला की आठवडाभराच्या शिव्या परत घ्याव्या लागल्या.

लांब बोल्ट काढून आखूड परत लावायला विसरू नका! लांब बोल्ट तसाच राहिला आणि स्टार्टर मारला, तर अडकलेल्या रॉडवर कॅम आपटेल. मी त्यावर लाल चिंधी बांधली होती. आखूड बोल्टच्या आट्यांना सीलंट लावलं, नाहीतर तिथून ऑइल पाझरतं.

ऑइल आणि फिल्टर बदलून सुरू केली. चालली, पण पेट्रोलचा दाब ३ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास, काटा थरथरतोय. नव्या पंपाला दोष द्यायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात चेसिसच्या पाइपापासून पंपापर्यंतचा वीतभर रबरी होज वाकवून पाहिला. आतून तडेच तडे. ओढणारी बाजू असल्याने बाहेर थेंब नाही, आत मात्र हवा जातेय. होज बदलला, काटा ६ वर स्थिर.

आता शंभर मैलांनंतर डिपस्टिक पुन्हा हुंगायची. तोवर ब्रेक.