गांधी दहा रुपये प्रूफ: ओरखडा स्लॅबचा की नाण्याचा?

मंडळी, आरसा अखेर काळा पडला. स्लॅबमधल्या, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लास्टिक डबीतल्या, 1969 च्या गांधी जन्मशताब्दीच्या दहा रुपयांच्या प्रूफचा (संग्राहकांसाठी आरशासारखं पाडलेलं नाणं) फोटो काढत होतो, त्यावर हवा होता तसा कॅमिओ, म्हणजे काळ्यावर पांढरं चित्र, मिळाला. फील्ड (चित्राभोवतीचा सपाट आरसा) काळंकुळीट, चेहऱ्यावरचं फ्रॉस्ट (बारीक खरखरीत पोत) पांढरंशुभ्र, आणि 1869–1948 मधल्या 8 च्या इवल्याशा पोकळ्यांतही आरसा काळाच दिसतोय. मिंटमार्कचा, म्हणजे टांकसाळीच्या खुणेचा, ‘बी’ असा धारदार आलाय की बराच वेळ नुसता तोच बघत बसलो. मग झूम शंभर टक्क्यांवर नेला आणि फील्डभर पसरलेलं केसांसारखं जाळं दिसलं. सगळा आनंद पाण्यात.

आधी थोडक्यात, काळं फील्ड कसं मिळालं ते. याआधीच्या फोटोंत फील्डमध्ये कॅमेऱ्याचं नाव उलटं उमटत होतं. त्यावर उपाय अगदी स्वस्तातला. काळ्या कार्डशीटला लेन्सपुरतं भोक पाडलं आणि ती पुढे अडकवली. लेन्सच्या पुढच्या कडेवरची पांढरी अक्षरंसुद्धा काळ्या टेपने झाकली. प्रूफचं फील्ड म्हणजे आरसाच, त्याला समोर जे दिसेल तेच तो दाखवणार. त्याला काळं दाखवलं की तो काळा. दिवे बाजूने, दहा आणि दोनच्या काट्यावर. त्यांचा प्रकाश आरशावरून पलीकडे निघून जातो, आणि फ्रॉस्ट तो सगळीकडे उधळतं म्हणून चेहरा उजळतो. एवढंच गणित.

लेन्सखाली 45 अंशांत काच धरून प्रकाश सरळ वरून पाडण्याचा, म्हणजे अ‍ॅक्सियल लायटिंगचा नाद या नाण्यापुरता सोडला. मोकळ्या नाण्यावर ते सुरेख चालतं, पण स्लॅबमधल्या प्रूफवर सगळं उलटंपालटं होतं. आरसा पांढरा आणि चेहरा काळपट. वर प्लास्टिकचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण 4 टक्के प्रकाश परत पाठवतो, आतला-बाहेरचा मिळून 8. झळाळत्या चांदीपुढे ते 8 टक्के कुणाच्या लक्षातही येत नाहीत, पण काळपट चेहऱ्यावर तेच धुक्यासारखे बसतात.

क्रॉस पोलरायझरचंही तेच. दिव्यावर एक, लेन्सवर एक लावून बघा, प्लास्टिकची चमक जाते खरी, पण धातूची चमकही तिच्याबरोबर जाते आणि चांदीचं जस्त होतं. भरीस भर म्हणून साच्यात ओतताना प्लास्टिकमध्ये राहिलेला ताण इंद्रधनुष्यी पट्ट्यांच्या रूपात वर येतो. इन्सर्टच्या (नाणं धरून ठेवणाऱ्या आतल्या चौकटीच्या) दात्यांजवळ तर रंगपंचमीच. ज्यांना टोनिंग (नाण्यावर काळाने चढलेला रंग) ‘वाढवून’ विकायचं असेल त्यांनी खुशाल वापरावं.

आता मूळ दुखणं. ते जाळं कुणाचं? स्लॅबवरचे ओरखडे असतील तर माझ्या नाण्याचा त्यात काही दोष नाही. नाण्यावरच्या हेअरलाइन, म्हणजे केसासारखे बारीक चरे, असतील तर ग्रेडपासून किमतीपर्यंत सगळा हिशेब बदलतो. आणि फोटोत दोन्ही एकसारखेच दिसतात!

पहिला विचार आला तो दिवा फिरवण्याचा. ओरखडा प्रकाशाला आडवा आला की पेटतो, प्रकाशाच्या दिशेने पडला की विझतो. मग स्लॅब जागेवर ठेवून एकच दिवा घड्याळाच्या काट्यासारखा फिरवत फ्रेम घेतल्या, सगळ्या एकावर एक रचल्या आणि फील्डपुरता ब्लेंड मोड ‘डार्कन’ केला. प्रत्येक बिंदूला सगळ्यांत काळी फ्रेम जिंकते, त्यामुळे जाळं क्षणात गायब. चेहरा वेगळ्या फ्रेममधून मास्क करून घेतला. निकाल दृष्ट लागण्यासारखा.

पण याच युक्तीने नाण्याच्या खऱ्या हेअरलाइनही तितक्याच सफाईने पुसल्या जातात. असा फोटो दाखवून नाणं विकणं म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत धूळफेक. नुसत्या संग्रहाच्या नोंदीसाठी काढला तरी पाच वर्षांनी मलाच कळणार नाही की आरसा मुळात कसा होता. तेव्हा डार्कन बाद.

मग उंचीकडे लक्ष गेलं. हेअरलाइन नाण्यावर असते, आणि स्लॅबचा ओरखडा त्याच्या काही मिलिमीटर वर. सगळे एफ/11, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान, सांगतात, मीही तेच वापरत होतो. 34 मिलिमीटरचं नाणं क्रॉप सेन्सरवर मावेल एवढ्या मॅग्निफिकेशनला एफ/11 वर सुमारे चार मिलिमीटरची खोली शार्प येते. म्हणजे निम्मी फोकसच्या वर, निम्मी खाली, आणि वरच्या भागात प्लास्टिक जवळजवळ आलंच. छिद्र मोठं करून एफ/4 वर नेलं की हीच खोली दीड मिलिमीटरच्या आत येते. नाण्याचा उठाव तेवढ्यात आरामात बसतो. फोकस मात्र फील्डवरच हवा, कानावर नको. त्यासाठी लाइव्ह व्ह्यूमध्ये ‘बी’ची बुडखी धरतो, तिथे फील्ड आणि अक्षर एकत्र भेटतात.

एफ/4 वर जाळ्याचा बराचसा भाग विरघळला. उरल्या त्या मोजक्या, खांद्याच्या बाजूला तिरप्या गेलेल्या रेषा, आणि त्या एफ/4 वरही तशाच सुरीसारख्या. त्या नाण्याच्याच. वाईट वाटलं, पण निदान आता माहीत आहे. एक मेख लक्षात ठेवा, स्लॅबवरचा खोल ओरखडा एफ/4 वर नाहीसा होत नाही, फिकट पट्टा होऊन उरतो. तिथे दिवा थोडा सरकवणं हाच उतारा.

हे लिहिता लिहिता एक सुचलं आणि उठून करूनही पाहिलं. कॅमेरा आणि दिवे जागच्या जागी ठेवून स्लॅब एक सेंटिमीटर बाजूला सरकवायची आणि दुसरी फ्रेम घ्यायची. दोन्ही फ्रेममधलं नाणं एकमेकांवर बसवून आलटून पालटून दाखवलं की स्लॅबचे ओरखडे उड्या मारतात आणि नाण्याच्या हेअरलाइन जागेवर राहतात. फरक मोजक्या पिक्सेलचाच, पण डोळा तो लगेच पकडतो. या कामाला एफ/11 च बरा, दोन्ही रेषा शार्प हव्यात. म्हणजे यापुढे दर प्रूफमागे एक सुंदर फोटो एफ/4 चा आणि एक खरं सांगणारी जोडफ्रेम.

सामानाबद्दल दोन शब्द. ‘कॉइन फोटो किट’ म्हणून विकले जाणारे पांढरे लाइट टेंट प्रूफसाठी घेऊ नका. चारी बाजूंनी पांढरं दाखवलं तर आरसा पांढराच होणार. रिंग लाइटचं वर्तुळ फील्डमध्ये बांगडीसारखं उमटतं. ऑनलाइन मागवलेल्या एका दिव्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 95 छापलं होतं, प्रत्यक्षात चांदी हिरवट. परत पाठवला. स्टँड म्हणून मात्र जुन्या स्टुडिओतल्या एन्लार्जरच्या (फिल्मवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राच्या) खांबाला तोड नाही. जुन्या बाजारात नजर ठेवा, डोकं मोडलेला मिळाला तर उत्तमच, आपल्याला खांब आणि पाटच हवा. स्लॅब पुसायची घाई नको. आधी ब्लोअर, मगच किंचित ओलसर मायक्रोफायबर. कोरडं घासलं की नवे ओरखडे पडतात आणि स्थिर विजेने धूळ आणखी चिकटते.

पुढचा नंबर पंचम जॉर्जच्या 1911 च्या रुपयाचा, आपला तोच ‘पिग रुपी’. झग्यावरच्या हत्तीची आखूड सोंड पाहून लोकांना डुक्कर वाटलं आणि 1912 पासून डाय (नाण्याचा ठसा) बदलला. ती सोंड स्लॅबमधून स्पष्ट दाखवायची आहे. हा प्रूफ नाही, कार्टव्हीलवाला आहे, म्हणजे हलवला की चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, त्यामुळे काळ्या फील्डचा इथे उपयोग नाही. बहुधा एकच दिवा, लेन्सच्या जितका जवळ नेता येईल तितका. आणि एनजीसी या ग्रेडिंग कंपनीचा पांढरा इन्सर्ट एक्सपोजर फसवतो, म्हणून मॅन्युअल मोड आणि स्लॅबवर काळ्या कागदाची गोल चकती, मध्ये नाण्यापुरतं भोक. चकती कापून तयार आहे, फक्त तिच्या कडेची सावली रिमवर पडते आहे. कागदाऐवजी पातळ काळी फिल्म लावून बघतो.