बाल्कनीतली खेळखोली: आधी ग्रिल, मग जमीन

१४ मे

पाऊस तीन-चार आठवड्यांवर आलाय. बंद बाल्कनीत मुलांसाठी जागा करायची तर मेमध्येच उरकावी. जूनमध्ये ना प्लास्टर नीट वाळतं, ना रंग.

साधारण चार बाय दहा फुटांची जागा. बहुतेक घरांत सुरुवात भिंतीवरच्या चित्रांपासून होते. माझ्या मते ती ग्रिलपासूनच व्हायला हवी. आडव्या पट्ट्यांचं ग्रिल म्हणजे लहान मुलाला शिडीच. उभे गज असतील तर दोन गजांत १० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर हवं. ग्रिल बदलता येत नसेल तर आतून चार फुटांपर्यंत ५ मिमीचा पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्रा लावावा. पाय रोवायला जागा उरत नाही आणि उजेडही येतो. ग्रिलला आगीच्या वेळी उघडायचं दार असेल तर ते मात्र झाकू नये; कुलूप लावून किल्ली मोठ्यांच्या हाताशी ठेवावी. स्टूल, बॉक्स, वॉशिंग मशीन यांपैकी काहीही ग्रिलजवळ नको.

जमिनीचं काम किचकट, आणि बिघडतं तेही इथेच. बाल्कनीची फरशी खोलीपेक्षा इंच-दीड इंच खाली असते, तिला पाणी वाहून जाण्याच्या जाळीकडे उतार असतो. 'खड्डा' भरून ती सपाट करून घेतली की पाण्याची वाट मोडते आणि पहिल्याच जोराच्या सरीला पाणी हॉलमध्ये येतं. उतार आहे तसाच ठेवावा. वर एकमेकांत अडकणारे ईव्हीए (मऊ फोमचे) मॅट, दोन बाय दोन फुटांचे, २० मिमी जाडीचे. दहा तुकडे पुरतात. जाळीवरचा तुकडा कापून मोकळा सोडायचा. मॅट चिकटवायचे अजिबात नाहीत. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उचलून, पुसून, भिंतीला उभे करून वाळवायचे, नाहीतर खालच्या बाजूला काळी बुरशी धरते आणि मुलं नेमकी तिथेच लोळतात.

सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. ती धुळीने बुजली की पाणी आत वळतं. जुन्या टूथब्रशने आत्ताच मोकळी करावीत.

शेल्फ अडीच फूट उंच, एक फूट खोल, म्हणजे मुलाचा हात स्वतःहून पोचतो. प्लाय १८ मिमी, ७१० प्रतीचा, म्हणजे पाण्यात टिकणारा. ३०३ चा साधा प्लाय ओलीत फुगतो. शेल्फ बुटकं असलं तरी वरून दोन एल-क्लॅम्पने भिंतीला बांधायलाच हवं, कारण मूल त्यावर चढणार हे नक्की. भिंत हलक्या एएसी (सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची असेल तर स्क्रूचा साधा प्लॅस्टिक प्लग काही दिवसांत सैल होतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचाच प्लग घ्यावा. विटांच्या भिंतीत प्लास्टर सोडून विटेपर्यंत पोचणारा ५० मिमीचा स्क्रू हवा.

जुन्या इमारतीत भिंतीचा रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून आली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. ओलं करून खरवडावं, तेही मुलं घरात नसताना.

खेळणी दहा-बाराच बाहेर, बाकीची माळ्यावर. मधली जागा रिकामीच ठेवावी, खरा खेळ तिथेच होतो.

पश्चिमेची बाल्कनी दुपारी चारला तापते. बांबूची चिक लावायला हरकत नाही, फक्त तिची दोरी लोंबकळत ठेवू नये, गळ्यात अडकते. पाच फुटांवर हुक मारून सगळी दोरी त्याला गुंडाळायची.