मनागूची नोंद, कसाव्याचं पीठ आणि हरवलेलं उणे चिन्ह

आफ्रिकेतल्या उपयोगी वनस्पतींच्या याद्या ढिगाने सापडतात. नाव, आणि पुढे ‘औषधी’ किंवा ‘खाद्य’ एवढा एकच शब्द. कोणता भाग, कसा तयार करायचा, कुठले लोक वापरतात, यातलं काहीच नाही. अशा पाच हजार नावांपेक्षा पूर्ण भरलेल्या पन्नास नोंदी मला जास्त मोलाच्या वाटतात, कारण त्या वाचून कुणीतरी काहीतरी करू शकतं.

सगळ्यात जास्त घोळ नावात होतो. केनियात मनागू नावाची पालेभाजी घरोघर खातात. लुओ लोक तिला ओसुगा म्हणतात, किसी लोक रिनागू, स्वाहिलीत म्नावू. नोंद करणारे पुढे ‘सोलॅनम नायग्रम’ लिहून मोकळे होतात. आपल्याकडची कामोणी याच गोतावळ्यातली, पण केनियाच्या वाफ्यात असतात त्या बहुधा सोलॅनम स्कॅब्रम किंवा सोलॅनम व्हिलोसम. स्कॅब्रमची पानं मोठी आणि फळं जाड, जांभळट काळी. व्हिलोसमची फळं पिकली की नारिंगी किंवा पिवळी होतात. तिसरी सोलॅनम अमेरिकानम, तिची फळं बारीक, काळी, चकचकीत. तिन्ही एकाच नावाखाली गेल्या की उत्पन्न, कडूपणा, बियाणं यांचे आकडे एकमेकांत मिसळतात आणि नंतर वेगळे काढता येत नाहीत. म्हणून स्थानिक नाव लिहिताना भाषा आणि गाव सोबत हवंच. शास्त्रीय नावाला जुनी नावंही जोडावीत: बाजरी कुठे पेनिसेटम ग्लॉकम म्हणून येते, कुठे सेंक्रस अमेरिकानस म्हणून, आणि शोधणाऱ्याला दोन्हीकडून ती सापडली पाहिजे.

नावाला आधार लागतो तो वाळवलेल्या नमुन्याचा. पान, फूल, फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात पसरायची, एखादं पान उलटं ठेवायचं म्हणजे खालची बाजू दिसते. वर-खाली पुठ्ठे लावून चौकटीत आवळायची. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदलायचा. दमट हवेत इथे आळस केला की बुरशी येते, पानं काळी पडतात. रसाळ फळं चिरून दाबावीत किंवा वेगळ्या पुडीत वाळवावीत. त्यांचा रंग मात्र चिठ्ठीवर ताज्या झाडासमोरच लिहायचा. वाळल्यावर नारिंगी आणि काळं यातला फरक सांगणं अवघड जातं, आणि व्हिलोसम ओळखायची खूणच तेवढी. वाळलेला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उणे 20 अंशांत आठवडाभर ठेवला की कीड मरते. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, नाहीतर थंड कागदावर पाणी सुटतं. एक प्रत नैरोबीच्या ईस्ट आफ्रिकन हर्बेरियमसारख्या संग्रहात, दुसरी आपल्याकडे, दोन्हींवर तोच क्रमांक.

आता कृती, म्हणजे वनस्पती कशी तयार करायची ते. नोंदीतला हा रकाना रिकामा ठेवणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. आपला साबुदाणा ज्या कंदाचा, तो कसावा दक्षिण अमेरिकेतून आफ्रिकेत गेला आणि तिथल्या करोडो लोकांचं मुख्य अन्न झाला. कडू जातींत लिनामरिन हे सायनाइड तयार करणारं द्रव्य भरपूर असतं. कंद ठेचला, भिजवला, आंबवला की पेशी फुटतात, कंदातलंच विकर (एन्झाइम) त्याच्यावर काम करतं आणि विषारी हायड्रोजन सायनाइड वायू उडून जातो. त्याला वेळ लागतो. 1981 मध्ये मोझांबिकच्या नांपुला प्रांतात दुष्काळ पडला, भुकेपोटी ही प्रक्रिया आखूड झाली आणि हजारावर माणसांचे पाय कोंझो या आजाराने कायमचे लुळे पडले. तेव्हा ‘कंद खाद्य’ ही नोंद अपुरी आहे. निदान एवढं हवं: कडू कसाव्याचं पीठ पाण्यात कालवायचं, एक सेंटिमीटरहून पातळ थरात पसरायचं, उन्हात 2 तास किंवा सावलीत 5 तास ठेवायचं आणि त्याच दिवशी शिजवायचं. थर जाड झाला की आतला वायू आतच राहतो.

या नोंदी संगणकावर तक्त्यात भरायच्या. तक्त्यात एक ओळ म्हणजे एक वनस्पती, एक भाग, एक उपयोग, एक ठिकाण. मनागूची पानं आणि पिकलेली फळं या दोन ओळी. रकान्यांची नावं डार्विन कोअर या प्रमाण साच्यातली घेतली तर पुढे इतरांच्या माहितीशी जुळवताना त्रास वाचतो. फाइल यूटीएफ-8 या, सगळ्या लिप्यांची अक्षरं नीट राखणाऱ्या पद्धतीतच साठवावी. फ्रेंच मांडणीच्या संगणकावर दशांशासाठी स्वल्पविराम असतो, त्यामुळे सेनेगलहून आलेली अक्षांशं नैरोबीत उघडली की मोडतात. केनियातलं किसी गाव साधारण उणे 0.68 अक्षांश (उणे म्हणजे विषुववृत्ताच्या दक्षिणेला), 34.77 रेखांशावर आहे. आकडे उलटे पडले तर ठिपका अल्जीरियात जातो, लगेच कळतं. पण नुसतं उणे चिन्ह गळलं तर ठिपका दीडशे किलोमीटर उत्तरेला वेबुयेजवळ पडतो. देश केनियाच, त्यामुळे संगणकाची तपासणी गप्प बसते. गावाचं नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी लिहिलेली असेल तरच ही चूक सापडते.

माहिती इतरांना वाटताना सगळं उघडं करू नये. प्रूनस आफ्रिकाना या डोंगरी झाडाची साल प्रोस्टेटच्या औषधांसाठी जाते. भोवताली पूर्ण सोलली की झाड मरतं. 1995 पासून ते साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. अशा झाडांची जागा जाहीर प्रतीत एक दशांश अंशापर्यंतच द्यावी, म्हणजे साधारण 11 किलोमीटरचा चौकोन होतो. अचूक आकडे मूळ प्रतीत राहू द्यावेत. आणि ज्यांनी माहिती दिली त्यांची परवानगी आधी घ्यायची, कशासाठी दिली ते त्याच ओळीत लिहायचं: घरगुती वापर छापायला हरकत नाही, वैद्याची कृती छापायची नाही, असं सांगितलं असेल तर तसंच. दक्षिण आफ्रिकेत रूइबॉस या चहासारख्या पेयाच्या वनस्पतीच्या व्यापाऱ्यांनी शेतावरच्या भावाच्या दीड टक्का तिथल्या खोइ आणि सान या मूळ रहिवासी समाजांना देण्याचा करार 2019 साली झाला. माहिती कुणाकडून आली हे लिहिलेलंच नसेल, तर वाटा द्यायचा कुणाला?

शेवटी छपाई. प्रत्येक वनस्पतीचं एक ए-फोर पान, स्थानिक भाषेत, मोठ्या अक्षरात, फळाच्या चित्रासह, ज्या गावातून माहिती आली तिथे आधी पोचवावं. चुका तिथले लोकच काढतात, आणि दुरुस्ती लिहायला पानाची मागची बाजू कोरी ठेवावी.